मंदी कां येते? प्रो. फिशर यांच्या मतांतरांची हकीकत

रेव्हिन्यू खात्यांतील कारकुनाचें अर्धें आयुष्य दुसऱ्यांच्या जमिनींच्या नोंदी चाळण्यांत जातें. प्रस्तुत लेखकाचेंही तसेंच गेलें. नोकरीच्या अखेरच्या दिवसांत जुन्या दप्तराची लावालाव चालू असतां १९३० च्या पुढील सालांचीं फेरफाराचीं बुकें हातीं आलीं, व त्यांत आमच्याच घराण्याच्या एका सर्व्हे नंबराची नोंद निघाली. आजोबांनीं विहीर बांधण्याकरितां जमीन गहाण टाकिली आणि पांच-सहा वर्षांनीं त्याच कर्जापोटीं ती खरेदी लिहून दिली, एवढीच ती नोंद. आमच्या घरांत मात्र लहानपणापासून ऐकत आलों तें असें कीं, आजोबा हाताचे सढळ, त्यांनीं जमीन उधळली. घरीं येऊन जुन्या पेटींतील गहाणखताचा कागद काढून पाहिला, तों त्याच्या पाठीवर दरसाल कांहींना कांहीं रक्कम पोंचल्याचे शेरे होते. मनुष्य फेडीत होता, आणि फेडतां फेडतांच बुडाला. हें कसें घडावें?

त्याच सुमारास सातासमुद्रांपलीकडे एका जगप्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञास हाच प्रश्न पडला होता, आणि तोही स्वतः कर्जांत बुडत असतांना. त्यांचें नांव प्रोफेसर अर्व्हिंग फिशर. व्यापारास तेजी-मंदीचे हेलकावे कां बसतात याविषयीं या गृहस्थांचें मत आयुष्यभर एकच राहिलें नाहीं. त्यांचें शेवटचें मत कर्ज काढणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यानें समजून घेण्यासारखें आहे. परंतु तें पहिल्या मतांवांचून नीट कळत नाहीं, म्हणून हकीकत आरंभापासून सांगतों.

फिशर यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६७ रोजीं अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यांतील सॉगर्टीस या गांवीं झाला. वडील धर्मोपदेशक होते. मुलगा कॉलेजांत जाण्याच्या बेतांत असतां १८८४ सालीं ते क्षयानें वारले, आणि घरचा भार अंगावर घेऊन, शिकवण्या करून, फिशर यांनीं येल विद्यापीठांत शिक्षण पुरें केलें. मूळ नाद गणिताचा. १८९१ सालीं डॉक्टर ही पदवी मिळाली, १८९८ सालीं प्रोफेसर झाले, आणि त्याच वर्षीं वडिलांचाच क्षय त्यांस जडला. त्यांतून उठण्यास तीन वर्षें लागलीं. तेव्हांपासून आहार, हवा, व्यायाम, दारूबंदी अशा अनेक गोष्टींचे ते कट्टे प्रचारक बनले. सुप्रजननाच्या चळवळीचाही त्यांनीं पुरस्कार केला. ती चळवळ पुढें बदनाम झाली, व तें योग्यच झालें. या सर्व उद्योगांत त्यांनीं एक शोधही लाविला, त्याचें कौतुक कारकुनासच कळेल. माहितीचीं कार्डें एकावर एक अशीं बसवावयाचीं कीं प्रत्येकाची कड वर दिसत राहावी, आणि पाहिजे तें कार्ड न धुंडाळतां बोटाखालीं यावें. या शोधाचा त्यांनीं कारखाना काढला, तो पुढें एका मोठ्या कंपनींत सामील झाला, आणि प्रोफेसरसाहेब लाखों डॉलरांचे धनी झाले. ही संपत्ति पुढें कामास येणार आहे, म्हणून येथें सांगितली.

फिशर तरुण होते त्या काळीं अमेरिकेंतील शेतकरी मोठ्या संतापांत होता. १८७३ पासून १८९६ पर्यंत, मधले चढउतार सोडले तर, भाव सारखे उतरत चालले होते. गव्हाचा व कापसाचा पैसा कमी येई, आणि गहाणाचे हप्ते मात्र ठरल्या रकमेचेच राहत. शेतकऱ्यांचें म्हणणें असें कीं, नाणें केवळ सोन्याच्या आधारावर ठेविल्यामुळें तें दुर्मिळ व महाग झालें आहे. रुप्याचीं नाणींही टांकसाळींत मोकळेपणीं पाडूं द्या, म्हणजे चलन वाढेल व भाव सांवरतील. १८९६ ची राष्ट्राध्यक्षाची निवडणूक मुख्यत्वें याच वादावर लढली गेली, व रुप्याचे कैवारी ब्रायन तींत हरले.

त्याच सालीं फिशर यांचें एक पुस्तक निघालें. त्यांत त्यांनीं असा प्रश्न घातला कीं, भाव उतरणार हें जर आधींच दिसत असेल, तर ऋणकोचें नुकसान खरोखर होतें काय? सावकार सहा टक्के मागेल तेथें ऋणको म्हणेल कीं, पुढें तुमचा पैसा जड होणार आहे, सबब मी तीनच टक्के देईन. म्हणजे भावाची घट व्याजांत वळती होऊन जाईल. हा तर्क तपासण्यास त्यांस जो पुरावा सांपडला त्यांत एक हिंदुस्थानाच्या कर्जरोख्यांचा होता. हिंदुस्थान सरकारच्या कांहीं रोख्यांचें व्याज सोन्यांत मिळे, तर कांहींचें रुप्याच्या रुपयांत. आणि लंडनच्या बाजारांत दोन्ही विकत मिळत. सरकार एकच, ऐपत एकच. फरक काय तो नाण्याचा. रुपया सोन्याच्या मानानें घसरूं लागला तसतसें रुपयाच्या रोख्यांवर लोक जास्त व्याज मागूं लागले, असें त्यांस आढळलें. तर्क बरोबर ठरला, पण पुरता नव्हे. व्याज हलतें, परंतु उशिरा हलतें, आणि जितकें हलावयास पाहिजे तितकें हलत नाहीं. तेवढ्यापुरतें ऋणकोचें नुकसान होतें हें त्यांनीं कबूल केलें. तथापि शेतकऱ्यांचा आरडाओरडा अवास्तव आहे अशीच त्यांची त्या वेळची एकंदर समजूत होती.

क्षयांतून उठल्यावर त्यांचें लक्ष भावांकडे वळलें. १९११ सालीं त्यांनीं पैशाच्या क्रयशक्तीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांतील मुख्य सूत्र आठवड्याच्या बाजारावरून समजतें. बाजारांत जितका पैसा आला व तो जितक्या वेळां हातोहात फिरला, त्यांचा गुणाकार करावा. जितका माल विकला गेला व ज्या भावानें विकला गेला, त्यांचाही गुणाकार करावा. हे दोन्ही आंकडे सारखेच आले पाहिजेत, कारण जेवढें कोणी दिलें तेवढेंच दुसऱ्यानें घेतलें. आतां माल तेवढाच राहिला, पैशाचा फिरण्याचा वेगही तोच राहिला, आणि पैसा मात्र दुप्पट झाला, तर भाव दुप्पट होणार. हें तत्त्व जुनेंच होतें. फिशर यांनीं त्यास गणिताचें रूप दिलें व अनेक वर्षांच्या आंकड्यांशीं तें ताडून पाहिलें.

यावरून त्यांचें दुसरें मत बनलें, तें असें कीं, अस्थिरतेचें मूळ नाण्यांत आहे. वार आज छत्तीस इंचांचा आणि उद्यां तीस इंचांचा झाला तर कापडाचा व्यापार एक दिवस चालणार नाहीं. वजनें-मापें सरकार तपासतें. आमच्या खात्यांत मोजणीची सांखळी ताडून पाहिल्यावांचून कोणी शेतांत नेत नसे. परंतु पैसा हें सर्वांत मोठें माप असून त्याची तपासणी कोणी करीत नाहीं. डॉलरमध्यें सोनें किती हें कायद्यानें ठरलेलें. त्या डॉलरांत धान्य किती येईल हें मात्र रोज निराळें. यावर फिशर यांचा उपाय असा कीं, भाव चढूं लागले तर डॉलरमधील सोन्याचें वजन वाढवावें, उतरूं लागले तर घटवावें, म्हणजे त्याची क्रयशक्ति स्थिर राहील. या योजनेसाठीं त्यांनीं १९२० सालीं एक पुस्तक लिहिलें, व्याख्यानें दिलीं, मंडळ्या काढल्या, पदरचा पैसाही खर्च केला. व्यापाराच्या तेजी-मंदीस कांहीं एक ठराविक चक्र आहे असें इतर पंडित म्हणत. फिशर यांनीं १९२३ सालीं लिहिलें कीं, असें चक्र वगैरे कांहीं नाहीं. हा बहुतांशीं डॉलरचाच नाच आहे.

लोक मात्र नाण्यास स्थिर समजून मालच वरखालीं होतो असें मानतात, ही त्यांस मोठी गंमत वाटे. १९२८ सालच्या पुस्तकांत त्यांनीं बर्लिनमधील एका दुकानदारीण बाईची गोष्ट सांगितली आहे. जर्मनीचा मार्क त्या वेळीं ढासळत होता. बाईनें एक सदरा विकला, आणि तेवढ्याच किंमतींत नवा सदरा भरावा लागेल हें तीच बोलली; तरीपण आपणांस नफा झाला असें ती धरून होती, कारण पूर्वीं खरेदी स्वस्तांत झाली होती! हिशेब वहींत खरा, दुकानांत खोटा.

येथवर सर्व ठीक दिसतें. पण या मतांत एक गोम होती. नाणें स्थिर असलें म्हणजे सर्व कुशल, असें एकदां धरलें, कीं भावमान स्थिर असतांना कोणतेंही संकट डोळ्यांस दिसेनासें होतें. १९२२ पासून १९२९ पर्यंत अमेरिकेंतील घाऊक भावांची सरासरी बरीच स्थिर होती. फिशर यांच्या मापानें देश निरोगी ठरला. वस्तुतः तेथील शेतकरी तेव्हांही दुखण्यांतच होता. पहिल्या महायुद्धाच्या तेजींत त्यानें गहाणें करून चढ्या किंमतीनें जमिनी घेतल्या होत्या. १९२०-२१ मध्यें शेतमालाचे भाव कोसळले व तीं गहाणें डोक्यावर राहिलीं. सरासरींत हें दिसत नाहीं. तालुक्याचें पर्जन्यमान कागदावर पुरेसें भरतें आणि एका कोपऱ्यांतील पांच-पन्नास गांवें कोरडीं राहतात, हा प्रकार आम्हीं कचेरींत कितीदां तरी पाहिला आहे. शिवाय शेअरांच्या बाजारांत कर्ज काढून खरेदी करण्याची साथ पसरली होती, आणि खुद्द प्रोफेसरसाहेब तींत गळ्यापर्यंत उतरले होते. आपल्याच कंपनीचे शेअर त्यांनीं आणखी घेतले, तेही उसनवारीनें.

१५ ऑक्टोबर १९२९ रोजीं न्यूयॉर्क येथील एका सभेंत ते बोलले कीं, शेअरांचे भाव आतां कायमच्या उंच पठारावर येऊन पोंचलेले दिसतात. नवव्या दिवशीं, म्हणजे २४ ऑक्टोबरला, बाजार कोसळला. २९ तारखेस त्याहून मोठा फडशा पडला. तरीही १९३० सालीं काढलेल्या पुस्तकांत ते धीर देतच होते. पुढील तीन वर्षांत त्यांची सगळी संपत्ति गेली. मेहुणीकडून घेतलेलें मोठें कर्ज त्यांस अखेरपर्यंत फेडतां आलें नाहीं. राहतें घर विद्यापीठानें विकत घेऊन त्यांस भाड्यानें राहूं दिलें. ज्या मनुष्यानें आयुष्यभर पैशाचें माप काय तें शोधिलें, त्याच्याविषयीं अवघ्या देशांत विनोद होऊं लागले.

अशा वेळीं सामान्य मनुष्य दोहोंपैकीं एक करतो: गप्प बसतो, किंवा माझेंच खरें होतें असें म्हणत राहतो. फिशर यांनीं तिसरें केलें. वयाच्या पासष्टाव्या वर्षीं ते पुन्हां कागद घेऊन बसले. १९३२ सालीं तेजी-मंदीवर एक पुस्तक, आणि १९३३ च्या अखेरीस एका नव्या त्रैमासिकांत एक निबंध, असें लिखाण त्यांनीं केलें; त्यांत त्यांचें तिसरें मत आहे.

तें मत थोडक्यांत असें. मोठ्या मंदीचीं म्हणून जीं कारणें सांगतात, उदाहरणार्थ मालाचें अतिउत्पादन, खपाची कमतरता, लोकांचा फाजील विश्वास, तीं सर्व दुय्यम होत. मुख्य रोग दोनच: आरंभीं डोईजड कर्ज, आणि त्याच्या मागोमाग भावांची घसरण. कर्ज जास्त असलें पण भाव टिकले, तर मनुष्य घसटत कां होईना, पार पडतो. भाव उतरले पण कर्ज फारसें नसलें, तरी देश सोसतो. दोन्ही एकत्र आले म्हणजे मात्र एक दुसऱ्यास खातपाणी घालतो.

कसें, तें पाहूं. कांहीं निमित्तानें धनको घाबरतो व वसुलीस लागतो. ऋणको माल विकावयास काढतो. एकानें काढला तर भावास धक्का बसत नाहीं. सर्वांनीं एकाच महिन्यांत काढला तर बाजारांत माल ओततो आणि भाव बसतो. इतकेंच असतें तरी वाईट होतें. पण याच्या जोडीस आणखी एक गोष्ट घडते, ती बाजारांत उभें राहून दिसत नाहीं. अमेरिकेसारख्या देशांत पैसा म्हणजे मुख्यत्वें बँकांतील ठेवी. बँक कर्ज देते तेव्हां ऋणकोच्या नांवें ठेव मांडते, म्हणजे नवा पैसा उत्पन्न होतो. कर्ज फिटलें कीं ती ठेव वजा होते, आणि तो पैसा नाहींसा होतो. सगळा देश एकदम कर्ज फेडूं लागला म्हणजे सगळा देश आपला पैसा पुसून टाकूं लागला, असें होतें. पैसा आटला म्हणून भाव आणखी उतरतात. भाव उतरले म्हणून व्यापाऱ्याच्या मालमत्तेची किंमत कर्जाखालीं जाते, दिवाळीं निघतात, कारखाने माणसें काढतात, लोक धास्तावून उरलासुरला पैसा गाडग्यांत पुरतात, आणि त्याचा फिरण्याचा वेगही मंदावतो. व्याजाचा दर बाहेरून उतरलेला दिसतो, दोन टक्के, तीन टक्के. परंतु दर वर्षीं दहा टक्क्यांनीं भाव उतरत असतील तर तें तीन टक्क्यांचें व्याज खरें तेरांच्या घरांत जातें.

आतां आपल्या मापानें हिशेब करूं. समजा, जोंधळ्याचा भाव मणास चार रुपये असतां एका खातेदारानें हजार रुपये कर्ज काढलें. म्हणजे त्यानें अडीचशें मण जोंधळा देणें पत्करलें. पुढें त्यानें पोटास चिमटा घेऊन दोनशें रुपये फेडले. बाकी आठशें राहिली. सावकाराच्या वहींत तो पांचवा हिस्सा मोकळा झाला. पण मध्यंतरीं भाव दोन रुपयांवर आला असेल, तर त्या आठशें रुपयांस चारशें मण जोंधळा लागेल. त्यानें विकला तो जोंधळा निराळाच. फेडीपूर्वीं देणें अडीचशें मण, फेडीनंतर चारशें मण! फिशर यांनीं हाच हिशेब सगळ्या अमेरिकेचा मांडला. १९२९ पासून मार्च १९३३ पर्यंत लोकांनीं, दिवाळीं धरून, कर्जाचा सुमारें पांचवा हिस्सा उतरविला. तेवढ्या काळांत डॉलर सुमारें शेंकडा ७५ जड झाला. उरलेल्या ८० कर्जास त्या जडपणानें गुणलें तर १४० येतात. म्हणजे चार वर्षें रक्त ओकून फेडल्यावर देशाचें खरें कर्ज शेंकडा ४० वाढलें. जितकें जास्त फेडावें तितकें जास्त देणें होतें, हें विलक्षण सत्य त्यांनीं मांडलें, आणि मोठ्या मंदीचें मर्म हेंच असें ते म्हणाले.

तारवाचा एक दृष्टांतही त्यांनीं दिला आहे. तारूं लाटेनें कलतें व पुन्हां सरळ होतें. अर्थशास्त्रज्ञ समजत आले कीं व्यापारही तसाच आपोआप सरळ होतो. पण एका मर्यादेपलीकडे कललेलें तारूं सरळ होत नाहीं. तें अधिकच कलतें व उलटतें. ज्यानें तीस-पस्तीस वर्षें समतोलाचें गणित शिकविलें त्यानें हें लिहावें, यास मोठें मन लागतें.

शेतकऱ्यांवर त्या काळीं काय गुदरलें तें आंकड्यांवरून दिसतें. अमेरिकेंतील शेतकऱ्यास १९२९ सालीं कापसास पौंडामागें सुमारें १७ सेंट मिळत होते, ते १९३१ सालीं सहांच्याही खालीं आले. गव्हाचा एक डॉलरच्या वर असलेला बुशेलचा भाव १९३२ सालीं ३८ सेंटांवर आला. आयोवा, नेब्रास्का वगैरे राज्यांत गहाणदारांचे लिलाव सुरू झाले, तेव्हां शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं एक तोड काढली. लिलावास सर्वांनीं जमावयाचें, गाईस पांच सेंट, नांगरास दहा सेंट अशी बोली बोलावयाची, कोणी परका वर बोलूं लागला तर त्याच्याकडे नुसतें टक लावून पाहावयाचें, आणि घेतलेली चीजवस्त मूळ मालकास परत द्यावयाची. कोठें कोठें झाडास फांसाची दोरीही टांगलेली असे. कायद्याच्या दृष्टीनें हें योग्य नव्हें. पण जन्मभर कायद्यानें जप्त्यांचे कागद लिहिलेल्या मनुष्यासही त्या शेतकऱ्यांचा फार राग येत नाहीं.

मग उपाय काय? मंदी आपोआप जिरूं द्यावी, अशक्त असतील ते बुडतील, असा त्या वेळच्या पुष्कळ वजनदार लोकांचा उपदेश होता. फिशर म्हणाले, जिरेल खरी, पण जवळजवळ सर्वांचें दिवाळें निघाल्यावर जिरेल. त्यापेक्षां चलन वाढवून भावमान पुन्हां त्या पातळीस आणावें, ज्या पातळीस सरासरीनें कर्जें काढलीं गेलीं. आणि मग तें तेथेंच स्थिर ठेवावें, म्हणजे ऋणकोवर अन्याय नको तसा धनकोवरही नको. ४ मार्च १९३३ रोजीं रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. फिशर त्यांस पत्रांमागून पत्रें लिहीत. रूझवेल्ट यांनीं एप्रिलांत डॉलरची सोन्याशीं बांधलेली गांठ सोडली, व जानेवारी १९३४ मध्यें सोन्याचा भाव औंसास २०.६७ डॉलरांवरून ३५ डॉलर केला. भाव वर चढूं लागले. हें सर्व फिशर यांच्याच सल्ल्यानें झालें असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. सल्लागार पुष्कळ होते. आणि रोगही त्यांनीं म्हटल्याप्रमाणें चटकन् बरा झाला नाहीं. १९३७-३८ मध्यें पुन्हां उलटी खाल्ली, आणि बेकारी पुरती हटण्यास दुसरें महायुद्ध उजाडावें लागलें. १९३५ सालीं त्यांनीं आणखी पुढें जाऊन सुचविलें कीं, बँकांनीं चालू ठेवींइतकी पुरी रोकड जवळ ठेवावी, म्हणजे कर्ज देतां-घेतां पैसा उत्पन्न होणें व पुसला जाणें बंदच होईल. ती सूचना कोणीं स्वीकारली नाहीं.

या मताचाही कमकुवतपणा आहे, तो लपवूं नये. मुळांत लोक डोईजड कर्ज कां करतात? फिशर म्हणतात, नवे शोध, नवे प्रदेश, नव्या नफ्याची आशा आणि स्वस्त व्याज यांमुळें. प्रथम खऱ्या नफ्यासाठीं, मग नुसत्या चढत्या भावावर विकण्यासाठीं, मग अविचारानें, आणि शेवटीं उघड्या फसवणुकीनें. हें वर्णन सुरेख आहे, पण तें दोन-चार परिच्छेदांतच संपतें. यापुढचें काम हायमन मिन्स्की या अर्थशास्त्रज्ञानें केलें. त्यांचें म्हणणें असें कीं, लांबलेली सुस्थितीच लोकांस धीट करते: आधीं उत्पन्नांतून मुद्दल व व्याज दोन्ही भागतील इतकें कर्ज, मग व्याजापुरतें भागेल इतकें, आणि शेवटीं व्याज देण्यासाठींही नवें कर्ज. मिन्स्की १९९६ सालीं वारले. २००८ सालीं अमेरिकेंत घरांच्या कर्जांचा डोलारा कोसळला, तेव्हां त्यांचें व त्यांच्यामागें फिशर यांचें नांव पुन्हां सर्वतोमुखीं झालें. त्या वेळीं अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष बर्नान्की हे होते, व त्यांनीं प्रोफेसर असतांना १९३० च्या मंदीचाच अभ्यास केला होता, फिशर यांच्या निबंधासह. त्या बँकेनें चलन आटूं दिलें नाहीं.

आपल्याकडील प्रकार थोडा निराळा होता, पण वजन तेंच. १९२७ च्या कायद्यानें रुपयाचा दर १८ पेन्सांवर बांधला होता. तो १६ पेन्स असावा असें म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा हाच होता कीं, चढ्या दरानें शेतमालास रुपये कमी येतील. त्यावर १९२९ ची मंदी आली, आणि तीन-चार वर्षांत शेतमालाचे भाव अर्ध्यावर उतरले. सारा मात्र रोकड, तोही मुंबई इलाख्यांत सामान्यतः तीस वर्षांच्या जमाबंदीनें ठरलेला, कर्जही रोकड. १९३१ च्या सप्टेंबरांत इंग्लंडनें सोन्याचें चलन सोडलें, रुपया पौंडासच बांधलेला राहिला, सोन्याचा रुपयांतील भाव चढला, आणि खेड्यापाड्यांतील मंगळसूत्रें-पाटल्या मोडून मुंबई बंदरांतून बोटींनीं विलायतेस चालल्या. तें सोनें सुखाचें नव्हतें. पुढें मध्य प्रांतांत १९३३ सालीं कर्ज-तडजोडीचा कायदा आला, मुंबई इलाख्यांत १९३९ सालीं शेतकरी ऋणकोंच्या निवारणाचा. ऋणकोची ऐपत पाहून कर्जाचा आंकडाच कमी करावा, असें त्यांचें धोरण. म्हणजे अमेरिकेंत भाव वर आणून कर्ज हलकें करूं पाहिलें, आपल्याकडे कर्जच छाटलें.

जाणत्या वाचकांस येथें १८७५ ची आठवण होईल. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवीमुळें इकडे कापसाची तेजी झाली, मुंबईंत पैसा खेळूं लागला, भाव व मजुरी चढली, सावकारांनीं हात सैल सोडले. लढाई संपल्यावर भाव फिरले आणि वसुली सुरू झाली. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांचे रोखे व वह्या हिसकावून जाळल्या. त्या दंग्यांचीं कारणें अनेक होतीं, परंतु आधीं सैल कर्ज व मागून पडता भाव ही जोडी तेथेंही दिसते. सरकारनें चौकशी करून १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा केला. फिशर त्या वेळीं बारा वर्षांचे होते.

फिशर २९ एप्रिल १९४७ रोजीं न्यूयॉर्क येथें वारले. मरतांना ते कर्जमुक्त नव्हते, व त्यांच्या शेवटच्या मतास त्या काळीं फारसा मान नव्हता. केन्स यांच्या विचारांचा बोलबाला झाला होता.

राहतां राहिली आमच्या घरची गोष्ट. आजोबांची एक वही सांपडली, तींत दर हंगामास जोंधळा कोणत्या भावानें विकला तें लिहिलेलें आहे. गहाणखताच्या पाठीवरील शेरे आणि त्या वहींतील भाव शेजारीं शेजारीं ठेवून मीं प्रत्येक साल रुपयांऐवजीं मणांत मांडून काढलें. रुपयांत बाकी दरसाल उतरत गेली आहे. मणांत ती, एक साल सोडून, दरसाल चढत गेली आहे. शेवटच्या शेऱ्याच्या दिवशीं आजोबांकडे आरंभापेक्षां जास्त जोंधळा येणें निघत होता. तो कागद थोरल्या बंधूंस वाचून दाखविला. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "अण्णांना हें दाखवायला पाहिजे होतें." अण्णा म्हणजे आमचे वडील, ते जाऊन आतां वीस वर्षें होत आलीं.